बांधाला अध्यक्ष पाहिजे

"तिघांपैकी कोण, एवढंच सांग. कारणं नंतर," साहेब म्हणाले.

मी रोह्याच्या ऑफिसात त्यांच्या टेबलासमोर उभा होतो. पेणहून सकाळच्या गाडीने आलो होतो. आठ दिवसांनी कोलेखार गावात अध्यक्षपदाची निवडणूक होती. देशाचा अध्यक्ष नव्हे, राज्याचा नव्हे, साधा बांधाचा अध्यक्ष. तीन अर्ज आले होते.

"अजून कोणाला भेटलो नाही, साहेब."

"मग भेट. माणसं तपास आणि गोपनीय टिपण दे. रकाने पाडून दे. मला लांबलचक वाचायला वेळ नाही."

मी तेव्हा पेणला शाखा अभियंता होतो. माझं काम खारबांधांचं. खाडीकाठची शेती भरतीच्या पाण्याहून खालच्या पातळीवर असते. खाडी आणि शेत यांच्यामध्ये मातीचा लांबच लांब बांध असतो, म्हणून तिथे भात पिकतं. बांधात ठिकठिकाणी उघाड्या असतात. उघाडी म्हणजे बांधातली मोरी, तिला खाडीच्या बाजूने झडप. ओहोटीला झडप आपोआप उघडते आणि पावसाचं पाणी बाहेर जातं. भरतीला पाण्याच्या दाबाने ती मिटते. यात वीज नाही, यंत्र नाही, फक्त माणसांनी लुडबुड करायची नाही एवढीच अट. ती पाळली जात नाही, म्हणून आमच्यासारख्यांना पगार मिळतो.

पूर्वी बांध गावच राखायचं. त्या पद्धतीला इकडे जोळ म्हणतात. बांधाला धोका दिसला की हाळी द्यायची आणि घरटी एक माणूस माती घेऊन हजर. पुढे सरकार आलं आणि गावाने कुदळी खाली ठेवल्या. मग सरकारच्या लक्षात आलं की आपल्याला हे झेपत नाही. म्हणून नवी योजना निघाली: गावाने संस्था काढायची, अध्यक्ष निवडायचा, दगडी अस्तराचं काम सरकार करून देणार आणि बांध अध्यक्षाच्या सहीने गावाच्या ताब्यात जाणार. सही नाही तर काम नाही. मे महिना चालू होता. पावसाच्या आधी दगड बसले नाहीत तर कोलेखारच्या बांधाची मला खात्री नव्हती.

साहेबांना घाई होती, पण धास्तीही होती. आदल्या वर्षी दुसऱ्या एका गावाने असाच अध्यक्ष निवडला. त्याच्या मेहुण्याने भरतीबरोबर कोळंबी आत यावी म्हणून उघाडीची झडप दोरीने वर बांधून ठेवली. अध्यक्षाला मेहुण्याला नाही म्हणता आलं नाही. गावाची शेतं खारट झाली. मेहुण्याची कोळंबी मात्र चांगली झाली.

मी रकाने पाडले. शिक्षण, वक्तृत्व, कायद्याची माहिती, वाहन, उपलब्धता, गावातलं स्थान. प्रत्येकाला दहा गुण. अशा तक्त्याने माणूस कळतो यावर माझा विश्वास नव्हता. पण तक्ता केला की आपण काहीतरी केलं असं वाटतं, आणि वरच्यांनाही तसंच वाटतं.

पहिली भेट दामूशेठ म्हात्रेची. डोलवीला कंपनी उभी राहत होती, तिथे माणसं पुरवायचं कंत्राट त्याच्याकडे होतं. दारात जीप. अंगावर कडक इस्त्रीचे पांढरे कपडे. अंगाने एवढा की दारातून येताना तो किंचित तिरका व्हायचा.

"बसा साहेब. थंडा घ्या. काय इचारायचा तो इचारा."

"निवडून आलात तर पहिलं काम कोणतं?"

"कमान. गावाच्या तोंडाशी. सिमेंटची. वर मोठ्या अक्षरान गावाचा नाव."

"आणि बांध?"

"बांध हायच की. तो कुठं जातंय?"

खारबांधाच्या धंद्यात हा प्रश्न कोणी सहज विचारत नाही. मी वाहनाचे दहा गुण दिले आणि बाकीच्या रकान्यांत हात आखडता घेतला. टेबलावर त्याचं नवं लेटरहेड होतं. त्यावर 'अध्यक्ष' छापून झालं होतं.

दुसरे ठाकूर गुरुजी. प्राथमिक शाळेतून नुकतेच निवृत्त झालेले. संस्थेचे उपविधी, म्हणजे कारभाराचे नियम, त्यांना पाठ होते. कलमाचा नुसता आकडा सांगितला की कलम म्हणून दाखवायचे. अक्षर मोत्यासारखं. घरात पुस्तकांचं कपाट होतं, काचेचं, आणि पुस्तकं वाचलेली दिसत होती. तिथे मी घसरलो. पुस्तकांचं कपाट असलेला माणूस बांधही नीट सांभाळेल असं मला का वाटावं, याचं उत्तर आजही माझ्याकडे नाही. मी त्यांना सढळ हाताने गुण दिले.

तिसरा युसुफभाई. गावात मुसलमानांची पंधरा-वीस घरं, जुनी, भातशेतीवाली. युसुफभाई बारा वर्षं कुवेतला होता. पंप, काँक्रीट, पाइप यातलं त्याला माझ्याइतकं कळायचं, कदाचित जास्तच.

"तुमच्यासारखा माणूस हवाय बांधाला," मी म्हणालो.

"मी पंधरा दिवसांनी परत चाललो, साहेब. पावसात बांध फुटला तर काय फोनवरून माती टाकू?"

"मग अर्ज कशाला भरला?"

"दामूला बिनविरोध कसा सोडायचा? थोडा घाम निघूंदे की त्याचा."

उपलब्धता शून्य. तक्ता जवळजवळ पुरा झाला. बांधच तेवढा बघायचा राहिला होता.

बांध दाखवायला तिघांपैकी कोणालाच वेळ नव्हता. प्रचार चालू होता. मला बांध दाखवला सोनीबायने. ती चाळिशीतली, विधवा. बांधावरून रोज चालायची, हातात लोखंडी आकडा आणि पाठीला टोपली. बिळातले खेकडे आकड्याने काढून पेणच्या बाजारात विकायची. आमच्या नियमांत बांधावर खेकडे धरायला मनाई आहे, कारण बीळ उकरलं की बांध पोकळ होतो. मी तिला तसं सांगितलं.

"म्हंजे खेकड्याला बीळ पाडाया परवानगी हाय, नि मला त्याला काढाया नाय?" ती म्हणाली. "मी काढते नि बीळ मातीनं बुजवते. तुमचा खातं काय करतंय?"

मी विषय बदलला.

उघाडीपाशी ती थांबली. "हा बीळ बघा. मोठा हाय, पार आतपर्यंत गेलाय. माझ्याच्यानं बुजत नाय. दामूला सांगितला, चार माणसं लाव. व्हय म्हनला."

"मग लावली का?"

"व्हय म्हनला, सांगते ना."

त्या बिळाच्या बरोबर आतल्या बाजूला तिचं शेत होतं. गावातलं सगळ्यात खोलगट. खारं पाणी आत आलं तर पहिलं तिथेच साचणार. मागे एकदा तिथे खांड गेली होती, म्हणजे बांध फुटला होता. त्यानंतर चार वर्षं त्या शेतात भाताचा दाणा झाला नाही. त्याच काळात नवरा गेला, आणि मुलीला रोह्याला मामाकडे ठेवावं लागलं. आता जमिनीतला खार उतरला होता.

"औंदा भात झाला का पोरीला आनते," ती म्हणाली. "नाय झाला तर भाऊ तिचा लगीन लावून टाकंल तिकडंच. सोळावा लागलाय तिला. त्याला तरी किती सांगू?"

मी वहीत लिहिलं: 'उघाडीजवळ एक बीळ, दुरुस्ती आवश्यक.' तक्त्यात तिच्यासाठी रकाना नव्हता. ती उमेदवार नव्हती.

टिपण रोह्याला गेलं. पहिला क्रमांक गुरुजी, दुसरा युसुफभाई, तिसरा दामूशेठ. साहेबांना दामूशेठ हवा होता, कारण तो फोनवर लगेच भेटायचा. पण त्यांनी टिपण ठेवून घेतलं.

मतदानाच्या तीन दिवस आधी दामूशेठने सभा ठेवली. तिन्ही उमेदवारांनी एका मांडवात बोलायचं. कल्पना चांगली होती. जागा मात्र बांधावरची, उघाडीजवळची, कारण तिथे वारा लागतो. आणि दिवस अमावास्येचा, वेळ अकराची. अमावास्येला उधाणाची भरती असते आणि आमच्याकडे ती भर दुपारी येते. खाडीकाठच्या शेंबड्या पोरालाही हे ठाऊक असतं.

"उधान हाय, म्हाईत हाय मला," दामूशेठ म्हणाला. "पन पेणच्या पाव्हन्याला हाच टाइम हाय. नि भरलेली खाडी फोटोत बरी दिसंल."

पाहुणे म्हणजे एक पुढारी. ते आले नाहीत. त्यांचा हार एका खुर्चीवर ठेवून दिला होता.

मी पोचलो तेव्हा मांडव उभा होता. स्वागताचा कापडी फलक, सतरंज्या, कर्णा, सगळं होतं. खांब बांधात रोवले होते, पहारीने भोकं पाडून. मी मांडववाल्याला म्हटलं, "बांधात खांब?"

"दोन तासांचा काम साहेब. लगेच काढतो."

नियमाने मी तिथल्या तिथे मांडव उतरवायला लावायला हवा होता. पण पहिल्या रांगेत माझ्यासाठी खुर्ची मांडली होती, आणि ती सावलीत होती. मी बसलो. थाटामाटाची मी आयुष्यभर टिंगल करत आलो आहे. त्या दिवशी मला फक्त एक खुर्ची पुरली.

गुरुजी आधी बोलले. सातव्या कलमावर आले होते, तेवढ्यात खालून, शेताच्या बाजूने, सोनीबायचा आवाज आला.

"साहेब, भाषन र्‍हाऊं दे. इकडं या."

मी उतरून गेलो. बांधाच्या पायथ्याशी, तिच्या शेताच्या कडेला, माती ओली झाली होती. ओल्या मातीतून बोटाएवढी धार येत होती. मी धारेखाली हात धरला. पाणी गढूळ होतं. बांधातून स्वच्छ पाणी पाझरलं तर ते चालतं. गढूळ पाण्याचा अर्थ असा की पाणी जाताना माती घेऊन जातंय. बोटाएवढ्या भोकाचं दार व्हायला तासभर पुरतो. मांडवाचा एक खांब त्याच बिळात घुसला होता. आणि भरती अजून चढत होती.

माणसं धावली आणि धार येत होती तिथेच माती दाबू लागली. गुरुजी म्हणाले, "आतून बुजवायचं की बाहेरून, हे आधी ठरवू या. दोन्ही बाजूंनी मतं—"

"आतनं नको," सोनीबाय म्हणाली. "हितं दाबाल तर पानी दुसरीकडनं फोडंल. भायेरनं बुजवा."

तिचं बरोबर होतं. पुस्तकातही तेच आहे. पाणी शिरतं तिथे अडवायचं, निघतं तिथे नाही. पण खाडीच्या बाजूला आता कमरेएवढं गढूळ पाणी चढलं होतं. बिळाचं तोंड दिसणार कसं? पुस्तकात ते नव्हतं.

सोनीबाय बांधावर चढली, पलीकडे खाडीत उतरली, मांडवाचा खांब धरून पायाने चाचपत राहिली.

"हितं हाय. पाय वढतंय आत."

युसुफभाईने पेंढ्याचा मोठा बोळा केला आणि तिने तो पायाने बिळात कोंबला. बोळा पाण्याने ओढून नेला. तो पलीकडे तिच्याच शेतात निघाला. धार आता मनगटाएवढी होती.

तिने वर बघितलं. बांधावर पन्नास माणसं होती. तिने एकालाच हाक मारली.

"दामू, ती सतरंजी घे नि खाली ये."

"मी?"

"तुझ्याएवढा दुसरा कोन हाय हितं? सतरंजीची घडी घाल, हितं ठेव नि वर बस."

"सोने, कपडे—"

"बस म्हंते ना."

दामूशेठने सतरंजी घेतली, चपला काढल्या आणि इस्त्रीच्या कपड्यांनिशी खाडीत उतरला. सभेसाठी घातलेला हार गळ्यात तसाच होता. तिने दाखवलं तिथे तो बसला. पाणी छातीपर्यंत आलं. मी धावत शेताच्या बाजूला गेलो. मनगटाएवढी धार पुन्हा बोटाएवढी झाली होती.

मग जोळ जागा झाला. कोणी हाळी दिली मला माहीत नाही. घराघरांतून घमेली निघाली. स्वागताचा फलक फाडून त्यात माती भरली आणि मोटा बांधल्या. गुरुजी बांधावर उभे राहून कोणत्या घरातून माणूस आला आणि कोणत्या घरातून नाही ते कर्ण्यावरून पुकारू लागले. नाव ऐकू आलं की त्या घरातला माणूस धावत यायचा. कर्ण्याचा त्या दिवशी तेवढाच उपयोग झाला. मीही माती वाहिली. खात्यात लागल्यापासून पहिल्यांदाच.

मातीच्या मोटा दामूशेठभोवती रचत होते. "शेठ, तुमचा भाषन र्‍हायला," युसुफभाई घमेलं रिकामं करत म्हणाला. "तिथनंच करा."

"भाषन नको. खाली कायतरी चावतंय."

"चावंल नाय तर काय?" सोनीबाय म्हणाली. "घर त्याचा हाय."

थोड्या वेळाने शेठने विचारलं, "सोने, उठू का?"

"नको."

पाणी उतरायला लागलं. "आता?"

"बस."

तीनच्या सुमाराला पाणी चांगलं खाली गेलं. शेताच्या बाजूची धार थांबली होती. तिने उठ म्हटलं तेव्हा तो उठला, म्हणजे चौघांनी त्याला मोटांमधून ओढून काढला. मागे धोतराला खेकडा लटकत होता. सोनीबायने तो आकड्याने सोडवला आणि टोपलीत टाकला.

तिच्या शेतात दोन वाफ्यांएवढं खारं पाणी आलं होतं. एका पावसात धुऊन निघेल एवढंच. ती बांधावर बसली आणि पहिल्यांदा पाणी मागितलं, प्यायला.

उरलेल्या अर्ध्या मांडवाखाली सगळ्यांना चहा झाला. युसुफभाई उभा राहिला आणि म्हणाला, "मी अर्ज मागं घेतो. माझा मत दामूला."

मी चकित झालो. "चार दिवसांपूर्वी तुम्ही त्याचा घाम काढायला निघाला होतात."

"निघाला की. बगा ना." मग तो हळू आवाजात म्हणाला, "साहेब, पेंढा वाहून गेल्यावर माझ्या डोक्यात पंप होता. गुरुजींच्या डोक्यात ठराव. तुमच्या डोक्यात काय होता ते तुमाला म्हाईत. हिनं बस म्हनला नि हा बसला. का, किती वेळ, काय इचारला नाय. आमाला अजून काय पायजे?"

"पण बीळ बुजवायला सांगितलं होतं, तेव्हा नुसतं व्हय म्हणाला."

"तवा ती बाजारात जाता जाता बोलली. समोर उभं र्‍हाऊन सांगाया लागतंय त्याला. ती रोज बांधावर असते. हा रोज जीप घेऊन बांधावरनं जातो. व्हईल बरोबर."

गुरुजी चष्मा पुसत होते. "अर्ज मागे घ्यायची मुदत आज पाचपर्यंत आहे," ते म्हणाले. "माझाही घेतो. आतून की बाहेरून यावर मी चर्चा मागत होतो. चर्चा झाली असती तर आता आपण सगळे बाईंच्या शेतात पोहत असतो." गावाने त्यांना सचिव केलं. हाळीला कोणत्या घरातून कोण आलं, त्या यादीला त्या दिवसापासून त्यांचं मोत्यासारखं अक्षर मिळालं.

मी सोनीबायला विचारलं, "तुम्हीच का नाही उभ्या राहिलात? अख्खं गाव ऐकत होतं तुमचं."

"पेनला मीटिंगा असतात, बाजाराच्या टायमाला," ती म्हणाली. "नि मी खुर्चीवर बसले तर दामूला खाली कोन बसवंल?"

दुसऱ्या दिवशी मी रोह्याला गेलो. साहेबांनी माझं टिपण पुढे ओढलं.

"तू तिसरा म्हणतोस तो बिनविरोध आला. फाइलला कारण लागेल. काय लिहू?"

"बाईने बसायला सांगितलं, बसला."

साहेबांनी पेन उचलून लिहिलं: 'लाभधारकांशी समन्वय राखण्याची क्षमता.' मांडवाच्या खांबांबद्दल मी वेगळा कागद दिला, त्यात माझ्या खुर्चीचाही उल्लेख केला. तो वाचून त्यांनी मला एक कडक मेमो दिला आणि चहा मागवला.

दामूशेठने त्याच दिवशी सही केली. त्या लेटरहेडवर. दगड पावसाच्या आधी बसले. कमानही त्याने केलीच, सिमेंटची, मोठ्या अक्षरांत. तो सलग तीन वेळा अध्यक्ष झाला. दर अमावास्येला सोनीबाय त्याला बांधावर उभा करून काय काय राहिलंय ते सांगायची आणि तो चार माणसं लावायचा. उघाडीची झडप एकदा त्याच्या सख्ख्या भावाने दोरीने बांधली. सोनीबायने शेठला हाक मारली. त्याने भावासमोर दोरी कापली, मग भावाची माफी मागितली. दोन्ही त्याने मनापासून केलं.

त्या वर्षी तिच्या शेतात भात झालं. फार नाही, पण झालं. दिवाळीच्या सुट्टीत ती स्वतः रोह्याला गेली आणि मुलीला घेऊन आली. पेणच्या स्टेशनवर दोघी मला भेटल्या. मुलगी आईपेक्षा उंच झाली होती. तिला पेणच्या शाळेत घालायचं होतं आणि दाखला अडला होता. मी ओळखीच्या हेडमास्तरांना चिठ्ठी देतो म्हणालो.

"नको," सोनीबाय म्हणाली. "दामूला सांगितलाय. जीप घेऊन उद्या सकाळी दारात हजर र्‍हानार हाय."

तो हजर राहिला. त्यानंतर नोकरीत मी बऱ्याच गावांच्या अध्यक्षांची टिपणं केली. उमेदवाराला काय येतं हे विचारणं मी सोडून दिलं. गावात कोणाला येतं ते आधी शोधायचं आणि मग बघायचं, की त्या माणसासमोर उमेदवार उभा राहतो की बसतो.